पोलीस पालघर

बऱ्याच दिवसांनी लिहितेय, आणि तेही कामधंद्याबद्दल. ज्या नातेवाईकांना कॉम्प्युटरचं वावडं आहे त्यांनी लगेच पळून जाऊ नये, मध्ये मध्ये वसई, व्याकरण आणि पोलीस येणार आहेत. :)

माझं मत आधीच सांगून टाकते. चालता जुना प्रोग्रॅम समोर ठेवल्यावर तो न वाचताच "हे सगळं फेकून नव्याने लिहावं लागेल" म्हणणारा माणूस एकतर आळशी असतो, नाहीतर त्याला बिल मोठं करायचं असतं. आणि तोच प्रोग्रॅम फाइंड-रिप्लेस मारून "सुधारणारा" माणूस तर त्याहून धोक्याचा. या दोघांच्या मधून एक तिसरी वाट जाते. ती म्हणजे पार्सर. ती वाट आपल्याकडे छोट्या कामांना फारसं कुणी वापरत नाही, आणि का वापरत नाही हे मला खरंच कळत नाही. फुकट आहे हो!

आमच्या गोखिवऱ्यात दगड भिरकावला तर तो कुठल्यातरी इंडस्ट्रियल इस्टेटच्या पत्र्यावर पडेल. अशाच एका प्लास्टिक मोल्डिंगच्या गाळ्यात माझं सध्या जाणं-येणं आहे. मालकांना मी काका म्हणते, ते मला ताई म्हणतात (वयाने ते माझ्या बाबांएवढे आहेत, पण गाळ्यात बाईमाणसाला ताईच). काकांचा सगळा कारभार, म्हणजे बिलं, चलनं, कामगारांची हजेरी, हे २००६ साली त्यांच्या भाच्याने पीएचपीमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चालतो. भाचा केव्हाच परदेशी गेला. प्रोग्रॅम चालूच राहिला. पीएचपी ५.६ ला सुरक्षेचे अपडेट ३१ डिसेंबर २०१८ ला बंद झाले, तरी होस्टिंगवाल्यांनी बरीच वर्षं चालवून घेतलं, आणि आता मात्र कळवलं की बास, ८ वर या. काकांनी दोघांना विचारलं. दोघांनीही फाइल न उघडता सांगितलं, नव्याने करावं लागेल. एकाचा आकडा साडेतीन लाख. काका म्हणाले, "ताई, यंत्राचा साचा झिजला की आपण साचा बदलतो, यंत्र भंगारात नाही घालत." मला ते पटलं.

आता पोलिसांकडे येते. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्हा फुटून पालघर जिल्हा झाला हे तुम्हाला माहीत आहेच. आपण वसईकर रातोरात पालघरकर झालो. तेव्हा काकांच्या प्रोग्रॅममध्ये कुणीतरी "ठाणे" शोधून सगळीकडे "पालघर" करून टाकलं होतं. एका झटक्यात, सगळ्या फाइलींत. त्याचा परिणाम काय? कामगारांच्या पडताळणीच्या अर्जावर छापून यायला लागलं, "पोलीस पालघर". एका जुन्या गिऱ्हाईकाचा पत्ता झाला "पालघर-बेलापूर रोड". आणि जिल्हा फुटला तरी जिचं नाव तेच राहिलं ती ठाणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक या प्रोग्रॅमपुरती पालघर जिल्हा मध्यवर्ती झाली. दहा वर्षं गाळ्यातला मुनीम पेनाने खाडाखोड करून अर्ज पुढे पाठवत होता. मी हसून हसून बेजार, आणि मुनीम मात्र गंभीर चेहऱ्याने मला पेन दाखवतोय.

फाइंड-रिप्लेसला अक्षरं दिसतात, वाक्य दिसत नाही. मावशी, तुझ्यासाठी सांगते. शाळेत "व्याकरण चालवा" असा प्रश्न असायचा बघ. "रामाने आंबा खाल्ला" यातलं "रामाने" म्हणजे नाम, विशेषनाम, पुल्लिंगी, एकवचनी, तृतीया, कर्ता. कोण कुठल्या जागी बसलंय आणि कुणाचं कुणाशी काय नातं, हे सगळं मांडायचं. पार्सर प्रोग्रॅमचं हेच करतो. अक्षरांची ओळ घेतो आणि झाड बनवून देतो. हे फंक्शन, त्याच्या पोटात ही अट, अटीच्या पोटात हा हिशेब, आणि हिशेबाच्या टोकाला ही स्ट्रिंग. तर्खड हे गाव रुळांपलीकडे आपल्या वसईतच आहे, आणि ज्यांचं मूळ गाव ते, त्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं. म्हणजे व्याकरण चालवणं हा तसा आपल्या तालुक्याचाच उद्योग म्हणायचा. :)

मी वापरते तो पार्सर म्हणजे निकिता पोपोव यांचा पीएचपी-पार्सर. पीएचपी वाचणारा, पीएचपीतच लिहिलेला. गंमत अशी की २०१५ साली पीएचपी ७ येईपर्यंत खुद्द पीएचपी आतमध्ये असं झाड बनवतच नव्हतं, वाचता वाचताच थेट आज्ञा तयार करायचं. झाडाचा तो बदल पोपोव यांच्याच प्रस्तावावरून झाला. असो.

लोक चुकतात ते इथे. पार्सर आणतात, फाइल त्याच्या तोंडात घालतात, तो चार चुका ओरडतो, आणि मग म्हणतात "कोड भंगार आहे". अरे, पण त्याला सांगितलंत का, कुठली भाषा आहे ते? वसईतच बघा. वाडवळी आहे, सामवेदी लोकांची कादोडी आहे, कोळ्यांची बोली वेगळी, डोंगराकडे वारली. एखाद्या वाडवळ आजीचं बोलणं पुण्याच्या पुस्तकाने तपासलं तर पानभर लाल शाई होईल. आजी चुकलेली नाही, पुस्तक चुकीचं निवडलंय. पीएचपीचंही तसंच. २००६ ची पीएचपी आणि आजची पीएचपी या दोन बोली आहेत. म्हणूनच पार्सरमध्ये आवृत्ती सांगायची सोय असते, आणि ती सोय म्हणजे जादा फीचर नव्हे, पहिला प्रश्नच तो आहे. (आपले विकिपीडियावाले मित्र हे चांगलं ओळखतात. मराठी विकिपीडियावर "#पुनर्निर्देशन" लिहिलं की पान दुसरीकडे वळतं. इंग्रजी विकीवर त्याच जागी इंग्रजी शब्द लागतो. प्रणाली एकच, तिला कुठले शब्द चालतील ते भाषेगणिक सांगून ठेवलेलं असतं.)

एक उदाहरण देतेच, कारण त्याशिवाय हे पटत नाही. भाच्याने चलनाच्या खाली पान क्रमांक छापायला असं लिहिलं होतं:

इको 'पान ' . $पान + 1;

टिंब म्हणजे जोडा, अधिक म्हणजे बेरीज. पीएचपी ७ पर्यंत या दोघांचा मान सारखा, त्यामुळे डावीकडून सुरुवात. आधी "पान " आणि शून्य जोडून "पान 0" ही स्ट्रिंग, मग तिच्यात एक मिळवायचा. अक्षरांनी सुरू होणाऱ्या स्ट्रिंगची बेरजेत किंमत शून्य. शून्य अधिक एक, एक. दुसऱ्या पानालाही "पान 1" अधिक एक, पुन्हा एकच! म्हणजे चलन तीन पानी असलं तरी तिन्ही पानांवर नुसता "1", आणि "पान" हा शब्द तर गायबच. काकांना वाटायचं ती चलनाची प्रत क्रमांक एक. पीएचपी ८ ने २०२० साली बेरजेचा मान टिंबापेक्षा वर नेला. तीच ओळ आता आधी बेरीज करते आणि मग जोडते, आणि "पान 1", "पान 2" असं बरोबर छापते. ओळीतलं एक अक्षर न बदलता झाड बदललं.

इथे नशिबाने बदल आपल्या फायद्याचा झाला. पण उलटंही होऊ शकतं, आणि ते डोळ्यांनी शोधायचं म्हटलं तर १४० फाइलींत कोण शोधणार? मी काय केलं, प्रत्येक फाइल पार्सरला दोनदा दिली. एकदा "ही ७.४ समज" म्हणून, एकदा "ही ८ समज" म्हणून. दोन्ही झाडं शेजारी ठेवली आणि जिथे ती वेगळी निघाली तेवढ्याच ओळी छापून घेतल्या. सात ओळी आल्या. सात! साडेतीन लाखांच्या नव्या प्रोग्रॅमच्या जागी सात ओळी आणि कटिंग चहा. (बरं, इतकं सोपं नाही, पुढे येतेच.) आणखी एक असाच नमुना म्हणजे भाच्याने जमा आणि बिल जुळवायला केलेलं "मॅच" नावाचं फंक्शन. ८ मध्ये "मॅच" हा शब्द भाषेने स्वतःसाठी राखून ठेवला. ८ च्या व्याकरणाने वाचलं तर ती फाइल म्हणजे चूक, ७.४ च्या व्याकरणाने वाचलं तर साधं नाव. "ठाणे" गाव की पोलीस ठाणे, तसलाच प्रकार.

त्याहून जुन्या लकबीही होत्या. पीएचपी ४ च्या काळातली वस्तू तयार करायची एक पद्धत ७ मध्ये बंदच झाली. पार्सरची २०२४ च्या सुरुवातीला आलेली ५ वी आवृत्ती पीएचपी ५ चं वेगळं व्याकरण ठेवत नाही, म्हणून पहिल्या फेरीला मी मुद्दाम पार्सरची ४ थी आवृत्ती घेतली आणि त्याला बजावलं, फक्त ५ चंच व्याकरण वापर. नव्याचा हव्यास इथे कामाचा नाही. दुसरं, चूक दिसली की थांबायचं की चुका गोळा करत शेवटपर्यंत वाचायचं, हेही आपल्याला ठरवता येतं. मी गोळा करायला लावते. एका चुकीपाशी अडून बसणारा तपासनीस आपल्याला काय कामाचा.

आणि एक सापळा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जुन्या प्रोग्रॅमांत पीएचपीची सुरुवात कित्येकदा छोट्या टॅगने केलेली असते, नुसतं <? एवढंच. हा टॅग मानायचा की नाही हे यंत्राच्या सेटिंगवर असतं, आणि पार्सर फाइलीचे तुकडे पाडायला पीएचपीचीच मदत घेत असल्याने त्यालाही तेच सेटिंग लागू. पीएचपीबरोबर येणाऱ्या तयार सेटिंगच्या फाइलींत ते बंद असतं. बंद असलं तर पार्सर फाइल वाचतो आणि आनंदाने सांगतो, एकही चूक नाही. का? कारण त्याच्या लेखी अख्खी फाइल म्हणजे एचटीएमएलचा एक ठोकळा, त्यात कोडच नाही! काकांच्या नऊ फाइली अशा निघाल्या. त्यात डेटाबेसचा पासवर्ड असलेली एक. नव्या सर्व्हरवर ती तशीच चढवली असती तर पासवर्ड सरळ जगाला वाचायला मिळाला असता. म्हणून माझा आग्रह असा की कुणी "तपासलं, शून्य चुका" म्हणालं की विचारा, झाडं किती आली? पानं किती? चुका मोजू नका, काय वाचलं ते मोजा.

ही सगळी सेटिंगं प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये एका फाइलीत असावीत आणि प्रत्येकीशेजारी एक ओळ मराठीत, ही का केली. लॅपटॉपवर नकोत, डोक्यात तर नकोतच. भाचा परदेशी जातो, भाची उद्या जाईल. आणि ती फाइल छोटी असावी. मी असे प्रोजेक्ट पाहिलेत जिथे लोक महिनाभर कंस पुढच्या ओळीवर की त्याच ओळीवर यावर भांडतात, दीडशे नियमांची यादी करतात, आणि पैशाची बेरीज कुठे चुकते ते कुणी बघत नाही. माझ्या फाइलीत सहा ओळी आहेत.

"एआयला दे ना, दोन मिनिटांत करेल" असं माझा मावसभाऊ म्हणाला (वाचतोयस ना रे?). देते की! एखादं फंक्शन काय करायचा प्रयत्न करतंय हे विचारायला मी त्याला रोज विचारते, आणि बऱ्याचदा छान सांगतो. पण बदल करून त्याने फाइल परत दिली की मी आधीचं झाड आणि नंतरचं झाड लावून बघते. जे बदलायला सांगितलं नव्हतं ते बदललं असेल तर लगेच दिसतं. पार्सरला आज विचारा, उद्या विचारा, उत्तर तेच. हिशेबाच्या कामात मला असा माणूस जवळ लागतो.

आता पार्सरचं कौतुक पुरे, त्याला काय कळत नाही तेही सांगते. "पालघर" असलेल्या ५८ स्ट्रिंग त्याने काढून दिल्या, कुठली कुठल्या जागी आहे त्यासकट. ३१ "जिल्हा" या कीखाली होत्या, तेवढं काम सोपं झालं असं वाटलं. पण गिऱ्हाईक वसईचं असेल तर पालघर बरोबर, घोडबंदर रोडचं असेल तर चूक. पिनकोड लावून बघावं म्हटलं, तर मीरा रोड-भाईंदरचे पिनही ४०१ नेच सुरू होतात आणि ती दोन्ही ठाणे जिल्ह्यातच राहिली. शेवटी काका, मुनीम आणि मी बसून यादी वाचली. वाक्यातली जागा पार्सर सांगतो, गावं माणसालाच माहीत असावी लागतात. तसंच डेटाबेसच्या जुन्या आज्ञांचं, ज्या ७ मध्ये काढूनच टाकल्या. त्या कुठे कुठे आहेत ते पार्सरने सांगितलं, ६३ ठिकाणी. त्यातल्या ५२ त्यानेच बदलून दिल्या, बाकीच्या फाइलीची मांडणी, भाच्याच्या टिपणांसकट, जशीच्या तशी ठेवून. राहिलेल्या अकरांत स्ट्रिंग इतक्या वाकड्यातिकड्या जोडलेल्या होत्या की हातानेच केल्या. दोन रात्री गेल्या.

आणि मग ते निघालं ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं.

पार्सरकडून मी सगळ्या कींची यादी काढली, कुठली की किती वेळा वापरली त्याच्यासकट. यादीत "दुसऱ्या पाळीचे तास" ही की दोनदा आली. एकदा १४ वेळा वापरलेली, एकदा २ वेळा. डोळ्यांना दोन्ही अगदी सारख्या. ज्यांनी जुन्या काळात युनिकोड मराठी टंकलंय त्यांच्या लक्षात आलं असेल. "दुसऱ्या"मधला तो अर्धा र दोन रीतींनी लिहिता येतो. एकात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. दुसऱ्यात नुक्तावाला ऱ. पडद्यावर फरक शून्य, पीएचपीसाठी मात्र दोन वेगळे शब्द, कारण ते अक्षरं नाही, बाइट बघतं. भाच्याने हजेरी पहिल्या रीतीने लिहिली. २०११ मध्ये दुसऱ्या कुणीतरी दिवाळीच्या बक्षिसीचा हिशेब जोडला (कायद्याचा बोनस वेगळा, ही काकांची स्वतःची, तासांवर), त्याने दुसऱ्या रीतीने. बक्षिसीचा हिशेब ती की शोधतो, सापडत नाही, पीएचपी ५ एक बारीकशी सूचना देतं, सूचना बंद केलेल्या, आणि तास धरले जातात शून्य. दरवर्षी.

म्हणजे रात्री काम करणाऱ्यांना दिवाळीत फक्त त्यांच्या दिवसपाळीच्या तासांचे पैसे मिळाले. तक्रार आली नाही असं नाही. मुनीम म्हणाला, दोघा-तिघांनी विचारलं होतं, आम्ही सांगितलं कॉम्प्युटरने काढलंय.

नव्याने लिहिणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं. त्याने जुना प्रोग्रॅम बंद केला असता, नवा बरोबर चालला असता, आणि मागची वर्षं तशीच पुरली गेली असती. फाइंड-रिप्लेसवाल्याला तर दिसणं शक्यच नव्हतं, तो यातलं एक रूप शोधेल तर दुसरं त्याला सापडणारच नाही.

मी काकांना छापील यादी दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नावं काढ ताई." हजेरी डेटाबेसमध्ये आहे, त्यामुळे तास काढणं कठीण गेलं नाही, ४१ नावं निघाली. माणसं शोधणं कठीण आहे. काही जण गावी परत गेले, कुणी उत्तर प्रदेशात, कुणी जव्हारकडे. एक जण सातिवलीला दुसऱ्या गाळ्यात आहे असं मुनीम म्हणतो, एकाचा मुलगा इथेच मशीनवर आहे. जुनी कागदी रजिस्टरं कपाटात आहेत, दोनांना वाळवी लागली आहे, बाकीची वाचता येतात. त्यात कामगारांचे गावचे पत्ते आहेत. रविवारी मी आणि मुनीम ती उघडणार आहोत.